शून्याचा खण

पुन्ता आरेनासच्या पाणीकंपनीत, दुसऱ्या मजल्यावर,
माझ्या ताब्यात एकोणीस हजार चारशे सहा घरं आहेत.
घरं म्हणजे आकडे.
जुलैत कुणी किती घनमीटर पाणी वापरलं, एवढंच.

एकेक घर मांडलं तर पडद्यावर
सामुद्रधुनीच्या वाऱ्यानं विस्कटलेलं गवत दिसतं,
म्हणून मी खण पाडते.
शून्य ते पाच, पाच ते दहा, दहा ते पंधरा.
खणाची रुंदी विचारणारी एक इवलीशी चौकट उघडते
आणि तिच्यात मी टाकेन तसं शहर होतं.
एक टाकला तर दात पडलेली फणी.
चाळीस टाकला तर दोनच ठोकळे,
एक ढेरपोट्या आणि त्याच्या शेजारी त्याचं किडकिडीत पोर.
पाच टाकला की बरी टेकडी उभी राहते,
डावीकडे चढ, उजवीकडे लांबच लांब उतार,
बैठकीत जिच्याबद्दल कुणी काही विचारत नाही अशी.

फक्त पाच हा आकडा कुणाचा, ते सांगावं लागतं.
नाहीतर तो दोन्ही घरचा पाहुणा, उपाशी राहतो.
मी त्याला वरच्या पंगतीत बसवला.
तेव्हा ४.९ वाली बाई ‘कमी वापर’ झाली
आणि भिंतीपलीकडची ५.० वाली ‘मध्यम’.
दोघींत फरक शंभर लिटरचा.
एखादी चादर जास्त धुतली असेल,
किंवा कुणी रात्री उशिरा आंघोळ करत रडलं असेल.

नोल्बेर्तो बार्रिया सत्तावीस वर्षं मीटर वाचतोय.
तो सही करायला वर आला, हातमोजे काढले,
माझ्या खुर्चीमागे उभा राहिला.
‘ह्यात शून्य कुठंय, दानित्सा?’
पहिल्या खणात, मी म्हटलं. कमी वापर.
‘शून्य म्हणजे कमी नव्हे,’ तो म्हणाला,
‘शून्य म्हणजे दाराला कुलूप.’
आणि त्यानं पडद्यावर बोट टेकवलं. डाग पडला.

मला राग आला, पण खण फोडला.
शून्याला वेगळा काढला :
चारशे बारा घरं, काडीएवढी दांडी.
वाटलं, आता तरी गप्प बसेल.
त्यानं चष्मा पुसला, यादी खाली सरकवायला लावली.

‘हे १.८ बघ. हेही कुलूपच.
मालक दोन वर्षं पोर्वेनिरला मुलीकडे.
थंडीत नळी फुटू नये म्हणून
शेजारी येऊन नळ दोऱ्याएवढा सोडून जातो.
तिथं पाणी राहतं, माणूस नाही.’

‘आणि हे शून्य?’ मी विचारलं. आता मलाच राहवेना.

‘इथं उबाल्दिना आहे. मीटरचा काटा जूनपासून अडकलाय.
मी दोनदा लिहून दिलं.
खिडकीतून मला हात करते. परवा भाजलेले बटाटे दिले.’

मग तिला कुठल्या खणात घालू?
त्यानं हातमोजे चढवले.
‘मी मीटर वाचतो, बाई. खण तुझे.’

गुरुवारी साहेब म्हणाले, ही काडी कसली?
टेकडीची शोभा जाते.
मी काडी परत पहिल्या दांडीत मिसळली.
एका क्लिकचं काम.
पण संध्याकाळी दुरुस्तीच्या खात्यात जाऊन
एका पत्त्यापाशी उभी राहिले, अर्ज भरेपर्यंत.

ऑगस्टचे आकडे आले.
उबाल्दिनाचं शून्य ३.४ झालं होतं.
मी आलेख उघडला, जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवले,
पहिल्या दांडीवर पुन्हापुन्हा नजर फिरवली.
काहीही हललं नव्हतं.
ती त्याच खणात होती, ‘कमी वापर’,
आणि तिच्यावर नोल्बेर्तोच्या बोटाचा डाग,
जो मी अजून पुसलेला नाही.